चिखलदऱ्यात दहा ग्रॅम कमी

निवृत्त माणसाने सकाळी टेकडी चढावी आणि उरलेला दिवस दुसऱ्यांच्या मुलांना मार्गदर्शन करावं, असा पुण्यात अलिखित नियम आहे. माझे गुडघे टेकडीला तयार नाहीत, म्हणून मी थेट मार्गदर्शनाकडे वळले. एका संस्थेने मला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात ‘विज्ञानाच्या चाळीस वाटा’ नावाची चाळीस रंगीत पानं होती. दहावी झालेल्या मुलांना विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितात पुढे काय काय करता येतं, ते ही पानं पडद्यावर दाखवून सांगायचं. मी स्वतः जन्मभर एकच वाट चालले, पण चाळीस वाटा दाखवायला तेवढं पुरेसं आहे असं संस्थेचं मत पडलं. अकरा गावं करून झाली होती. बारावी खेप वऱ्हाडातली, चार दिवसांची. तिथे काय झालं ते, तिकडे कधी न गेलेल्यांसाठी, जसं घडलं तसं लिहिते.

अमरावती, मंगळवार

स्टेशनवरून ऑटोने निघाले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे हसरे चेहरे. मला वाटलं, निवडणूक आहे. जवळ गेल्यावर कळलं, क्लासेसचे फलक आहेत. प्रत्येक चेहऱ्याखाली मार्क आणि गळ्यात स्टेथोस्कोप. ज्यांना अजून कॉलेज मिळायचं होतं त्यांच्याही गळ्यात होता. पुण्यात आम्ही निदान डिग्री मिळेपर्यंत थांबतो.

ऑटोवाल्याने विचारलं, “कोण्या क्लासले जाता?”

“क्लासला नाही. मुलांना करिअरबद्दल सांगायला आलेय.”

“तेच तं. कोण्या क्लासले?”

त्याचंच बरोबर निघालं. कार्यक्रम एका क्लासच्या हॉलमध्येच होता. तिथल्या सरांनी माझी ओळख “मॅडम पुण्याच्या आहेत” अशा एका वाक्यात करून दिली आणि टाळ्या पडल्या. मी यंत्रमानवापासून अवकाशापर्यंत चाळीस पानं उलटली. शेवटी म्हटलं, प्रश्न विचारा. एका वडिलांनी विचारलं, यातल्या कशाला जास्त स्कोप आहे. एका आईने विचारलं, यातलं काय मुलींसाठी बरं. मागून एका मुलाने विचारलं, पंखा लावता येईल का. तिन्हींपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर मला खात्रीने देता आलं.

मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. “मॅडम, तुमी सोता काय काम करत होत्या?”

मी सांगितलं, की कारखान्यात माणसं ज्या उपकरणांनी मोजमाप करतात ती उपकरणं खरं बोलतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं होते. मायक्रोमीटर, गेज, वजनकाटे, असल्या वस्तू.

“मंग ते याच्यात काहून नाही?”

मी मागे वळून पडद्याकडे पाहिलं. चाळीस पानं अकरा गावांत दाखवली होती आणि माझंच काम त्यात नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, “चाळीसमध्ये बसलं नसेल.” हॉल हसला. मुलगी हसली नाही. तिने उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली आणि खाली बसली, आणि मला उगाचच लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. पन्नाशीच्या आतले, अंगाने काटक, खिशाला दोन पेनं आणि एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर. “जय भीम, मॅडम. मी रमेश वानखडे. हे प्रणाली. अंजनगावले मायं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान हाये. तुमी बी काटेवाल्याच निघाल्या मंजे.”

तीस वर्षांत माझ्या व्हिजिटिंग कार्डावर बरंच काही छापलेलं होतं, पण ‘काटेवाली’ कधी नव्हतं. वानखडेभाऊंचा चेहरा मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखा खुलला होता, त्यामुळे मी तेही मान्य केलं. त्यांनी आग्रहाने गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडालेला, वर हिरव्या मिरचीचा ऐवज. पुण्यात दहीवडा गोड असतो हे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

वडा खाताना खरी गोष्ट बाहेर आली. “पोरीले त्र्याण्णव टक्के पडले. इथं डॉक्टरकीच्या बॅचमधी सीट पक्की केली, सोमवारी सुरू होते. अन हिनं मायले हाताशी धरून अकोल्याच्या तंत्रनिकेतनाचा फॉर्म भरला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. नंबर बी लागला. शुक्रवारी पाचच्या आत मी जाऊन सही केली तं सीट राह्यते, नाही तं गेली.”

“मग?”

“मंग काय. मी सही करून नाही राहिलो. तुमी इंजिनिअर, त्यात पुण्याच्या. तुमी सांगा तिले डॉक्टर हो म्हणून. आमचं कोण आयकते?”

प्रणाली प्लेटमधलं दही चमच्याने निपटत होती. मी मार्गदर्शक होते, आणि मार्गदर्शकाला कुणी सल्ला मागितला की त्याच्याने ‘नाही’ म्हणवत नाही. मी म्हटलं, उद्या तुमच्याच गावच्या शाळेत माझा कार्यक्रम आहे, तेव्हा बोलते तिच्याशी.

अंजनगाव सुर्जी, बुधवार

शाळेने माझ्या येण्याचं निमित्त करून करिअर दिन ठेवला होता. मैदानावर पन्नास-साठ मुलं रांगेत उभी, सगळ्यांच्या अंगात पांढरे कोट. प्रत्येकाच्या छातीवर चिठ्ठी होती. शास्त्रज्ञ, अभियंता, संगणकतज्ज्ञ, गणितज्ञ. कोट अमरावतीहून भाड्याने आणले होते आणि ते डॉक्टरांचेच होते, त्यामुळे खिशात स्टेथोस्कोपसुद्धा सोबत आले होते. मुख्याध्यापकांना मी दबकत विचारलं, गणितज्ञाला स्टेथोस्कोप कशाला? ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, गणितज्ञाचा ड्रेस काय असते, तुमीच सांगा.” मला सांगता आलं नाही. मी ओळखत असलेला एकमेव गणितज्ञ लुंगी नेसतो.

भाषण झाल्यावर एक शिक्षक हसतमुखाने म्हणाले, “चांगलं झालं. जरा लंबं झालं.” पुण्यात हीच गोष्ट मला दोन महिन्यांनी तिसऱ्याच माणसाकडून कळली असती.

दुपारी वानखड्यांकडे जेवायला गेले. जेवणार का असं कुणी विचारलं नाही, ताट समोर आलं. ज्वारीची भाकर, पातोडीची रस्साभाजी, ठेचा. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि रस्सा असा की पहिल्या घासाला कान गरम झाले. प्रणालीच्या आई अंगणवाडीत आहेत. त्यांनी तिसरी भाकर वाढता वाढता हळूच सांगितलं, “तुमाले जे खरं वाटंन ते सांगजा. ह्यायच्या मनासारखं नका सांगू, अन मायाही.” हे वाक्य ऐकून मी खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दुकान घराला लागूनच. खाली भिंतीशी वजनांच्या रांगा, वर फळीवर उघडे पडलेले इलेक्ट्रॉनिक काटे. समोरच्या बाजूला पानपिंपळीचा, म्हणजे औषधी पिंपळीचा, व्यापारी, त्यामुळे सगळ्या दुकानाला तिखट वास. प्रणालीने एक पन्नास किलोचा काटा लावून दाखवला. आधी सगळं उतरवून आकडा शून्यावर आणायचा, मग वीस, वीस आणि दहाची वजनं ठेवायची, मग आतल्या सर्किटच्या पट्टीला ‘हे पन्नास’ असं शिकवायचं. मग तीच वजनं चारी कोपऱ्यांत फिरवून पाहायची. ही शेवटची तपासणी मी पुण्यात पदवीधर मुलांना ओरडून ओरडून करायला लावली आहे. इथे दहावी झालेली मुलगी न सांगता करत होती.

“मॅडम, एक विचारू?” तिने शाळेची जुनी वही काढली. “बाबा इथं काटा लावून चिखलदऱ्याले देतात. इथं पन्नास किलोले बरोबर पन्नास दाखवते. वर नेला का दहा ग्रॅम कमी. दर वेळी. वजनं हेच, जीपमधी सोबतच नेतो. काहून?”

मी एक क्षणही विचार केला नाही. तीस वर्षांचा अनुभव असला की विचार करावा लागत नाही. म्हटलं, “तापमान. वर थंड असतं ना. धातू आकुंचन पावतो.”

तिने वहीचं पान उलटलं. “जानेवारीत गेलो होतो तवा दहा कमी. मे महिन्यात दुपारी गेलो, वर बी गरमच होतं, तवाही दहाच कमी.”

“मग रस्त्यातले धक्के.”

“एक काटा वरून वापस आणला होता. त्याले हात नाही लावला. खाली आल्यावर आपोआप पन्नास दाखवला.”

यावर मी ‘बघू’ म्हटलं. ‘बघू’ हे अनुभवी माणसाचं ‘मला येत नाही’ असतं. तिला ते कळलं असावं, पण मुलीला रीत होती, तिने वही मिटली.

ती चहा आणायला आत गेल्यावर वानखडेभाऊ म्हणाले, “पाहा नं, डोकं कसं हाये. अन हे वजनं उचलणार? तीस वर्षं झाले मी वीस-वीस किलो स्कूटरवर वाहून राहिलो. कमर गेली. त्याचंही काही नाही. पण वर चिखलदऱ्यात नवा काटा ठेवतो, दुकानदारापुढं वजनं ठेवून दाखवतो, अन तो दहा कमी दाखवते. चार गिऱ्हाइकायपुढं तो म्हणते, काय बे काटेवाल्या, नवाच काटा खोटा? दर वेळी मान खाली घालून सील तोडतो, काटा पुन्हा लावतो, शिक्क्यासाठी वजनमाप खात्यात पुन्हा चकरा मारतो. डॉक्टरले कोणी ‘काय बे’ म्हणते काय, मॅडम? मले तिच्यासाठी तेवढंच पायजे.”

आत्तापर्यंत मी या माणसाला मनात हसत होते. त्यानंतर हसू आलं नाही. उद्याच एक नवा काटा वर पोचवायचा होता. त्यांनी मला सोबत चला म्हटलं, आणि मी गेले.

चिखलदरा, गुरुवार

परतवाड्यापुढे घाट लागला आणि जीपमध्ये काटा प्रणालीच्या मांडीवर आला. मागे वजनं प्रत्येक वळणावर माझ्या पायांकडे सरकत होती. धुकं एवढं होतं की ज्या दऱ्या पाहायला लोक लांबून येतात त्यातली एकही मला दिसली नाही. एका कठड्याशी तीस-चाळीस पर्यटक रांगेत उभे राहून पांढऱ्या धुक्याचे फोटो काढत होते. आम्हीही थांबून कणीस खाल्लं आणि धुक्याला नावं ठेवून पुढे निघालो.

किराणा दुकान बाजारात होतं. काटा पाटावर बसवला, पाय समपातळीत आणले, अर्धा तास तसाच चालू ठेवला. मग प्रणालीने वजनं एकेक करून ठेवली. आकडा आला, एकोणपन्नास किलो नऊशे नव्वद ग्रॅम.

दुकानदार म्हणाला, “काय बे वानखडे, यावेळीही?” वानखडेभाऊंचा हात खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला.

मी आकड्याकडे पाहत राहिले. धक्के नाहीत, तापमान नाही, वजनं तीच. बदललं काय? घाट चढताना माझे कान दोनदा बंद झाले होते. आणि मला आठवली आमच्या प्रयोगशाळेच्या वजनकाट्यांच्या प्रमाणपत्रांवर अगदी खाली छापली जाणारी एक ओळ. त्या जागेचं गुरुत्वाकर्षण, दशांशाखाली बऱ्याच घरांपर्यंत. माझ्या विभागातून दररोज ती प्रमाणपत्रं सहीला जायची. ती ओळ तिथे का आहे हे मी कधी विचारलं नाही. मी पुण्याबाहेर काटा नेलाच नव्हता.

“वानखडेभाऊ, थांबा. सील आत्ताच तोडू नका. काटा खरा आहे.”

दुकानदाराच्या पोत्यावर बसून मी त्यांना सांगितलं. पृथ्वी वस्तू खाली ओढते, आणि इलेक्ट्रॉनिक काटा ती ओढ मोजून किलो सांगतो. आपण अंजनगावपासून सात-आठशे मीटर वर आलोय. इथे ओढ अगदी जराशी कमी. पन्नास किलोमागे साधारण दहा-अकरा ग्रॅम कमी दाखवण्याइतकी. खाली नेला की पुन्हा बरोबर. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच लावायचा असतो. यात तुमच्या हाताची चूक नाही, कधीच नव्हती.

प्रणालीने विचारलं, “मंग जुना दांडीचा तराजू असता तं?”

“तो फसला नसता. ओढ दोन्ही पारड्यांत सारखीच कमी होते.”

मला वाटलं, वानखडेभाऊंना आनंद होईल. ते संतापले. “मंजे माया बापाचा तराजू बरोबर होता. अन मी पंधरा वर्षं ह्या बाजारात शिव्या खाल्ल्या, अन चूक डोंगराची? खात्यात कोणाले मालूम नव्हतं? कंपनीवाल्याले मालूम नव्हतं? तुमाले मालूम होतं नं, मॅडम? मंग आमाले काहून कोणी सांगतलं नाही?”

काल याच मुलीला मी ‘तापमान’ म्हणाले होते, हे त्यांच्यासमोर कबूल केलं. मग माझ्या अंगात मार्गदर्शक पुन्हा संचारला आणि मी म्हटलं, “म्हणून म्हणते, हिला अकोल्याला जाऊ द्या. हा प्रश्न हिने स्वतः शोधलाय. मी तीस वर्षांत शोधला नाही.”

“तुमाले पोरगी हाये?”

“आहे.”

“तिले तुमी हेच काम देलं काय?”

वऱ्हाडात प्रश्न असे समोरून येतात, त्यांना बाजूला व्हायला जागा नसते. मी खरं सांगितलं. मुलीला आठवीपासून क्लासला घातलं. माझी प्रयोगशाळा तिला एकदाही दाखवली नाही. ती बंगलोरला संगणकात आहे, आणि आई काय करायची असं कुणी विचारलं तर ‘क्वालिटीमध्ये काहीतरी’ असं सांगते.

“मंग मले कोण्या तोंडानं सांगता?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

“त्याच तोंडाने सांगते. दुसरं नाही माझ्याकडे.”

प्रणालीने काटा तिथेच, चिखलदऱ्याच्या ओढीत, पुन्हा लावला. पन्नास किलो, बरोबर. दुकानदाराने तिला कॉफी पाजली. अंजनगावच्या फाट्यावर मला उतरवताना वानखडेभाऊ एवढंच म्हणाले, “या मॅडम.” उद्याचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अकोला, शुक्रवार

अकोल्याचा उन्हाळा जुलैत संपतो असं पंचांगात लिहिलेलं असतं. अकोल्याला ते कुणी वाचून दाखवलेलं नाही. सकाळी एका शाळेत चाळीस पानं दाखवली. चाळिसाव्यानंतर पडदा तसाच ठेवून वजनकाट्याबद्दल बोलले. कार्यक्रमाला आलेल्या संस्थेच्या इथल्या माणसाने नंतर समजुतीने सांगितलं, “मॅडम, छान होतं, पण याला स्कोप नाही हो.”

माझी गाडी संध्याकाळची होती. साडेतीनला मी तंत्रनिकेतनाच्या आवारात जाऊन बसले. स्वतःला सांगितलं, सावली चांगली आहे म्हणून बसलेय. खिडकीसमोर वीसेक पालक आणि मुलं कागदांच्या पिशव्या घेऊन उभी. चार वाजले, सव्वाचार झाले. मी फाटकाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि फाटकाकडेच पाहत राहिले. त्यांना बोलण्याचा मला अधिकार नव्हता, हे खरंच होतं. तरी ते यावेत असं मला इतकं वाटत होतं, की या वयात असं काही वाटतं याचंच नवल वाटलं.

साडेचारला स्कूटर आत आली. प्रणाली मागे, मांडीवर कागदांची पिशवी. अकोटच्या पुढे पंक्चर झालं होतं. वानखडेभाऊंनी मला पाहिलं, मान डोलवली आणि सरळ रांगेत जाऊन उभे राहिले.

नंबर आला तेव्हा पाचला सहा मिनिटं होती. खिडकीतल्या बाबूंनी गुणपत्रिका पाहिली आणि चष्मा वर केला. “त्र्याण्णव? अन डिप्लोमा? भाऊ, पोट्टीचं नुकसान करून राहिले तुमी. सायन्स घ्या, डॉक्टर होईन ते.” मागच्या रांगेतून दोघा-तिघांनी दुजोरा दिला. वानखडेभाऊंचं पेन कागदावर थांबलं. मी जागची उठले, पण माझं बोलून झालेलं होतं.

“साहेब,” वानखडेभाऊ म्हणाले, “अंजनगावात खरा लावलेला काटा चिखलदऱ्यात दहा ग्रॅम कमी काहून दाखवते, सांगा बरं.”

“काटा खराब असंन.”

“नाही. तेच तं. पंधरा वर्षं मलेही तेच वाटे.” त्यांनी पेन खिशाला लावलं आणि रांगेकडे तोंड केलं. एक हात खाली, एक हात डोक्याच्या वर. “हे अंजनगाव. अन हे चिखलदरा. आता जमीन हाये नं, ते वस्तूले वढते...” वीसेक माणसं पुढे सरकली. कुणी विचारलं, मंग विहिरीत उतरवला तं? वानखडेभाऊ म्हणाले, थांबा, तेही सांगतो. बाबूही खिडकीतून मान बाहेर काढून ऐकायला लागले.

“बाबा,” प्रणालीने त्यांच्या खिशातलं पेन काढून हातात दिलं. “पाच वाजून राहिले. सही करा पहिले.”

त्यांनी सही केली. कागद तिने आत सरकवला, बाबूंनी शिक्का मारला. पेन हातात तसंच धरून वानखडेभाऊ विहिरीचं सांगायला वळले.